सोलरचे युनिट कमी पडतायत? पॅनलला शिव्या घालण्याआधी हे बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते ओळखा. ३ किलोवॉटचं सोलर आहे, मागच्या मार्चमध्ये दिवसाला १४ युनिट द्यायचं, आता आभाळ स्वच्छ असून ९-१० वर अडकलंय. किंवा सकाळी झकास चालतं आणि ऐन दुपारी ॲपमधला ग्राफ करवतीच्या दातांसारखा होतो, मध्येच शून्य, मध्येच फुल. किंवा डिसेंबर लागला की रोजचे दीड-दोन युनिट गायब आणि फेब्रुवारीत कुणी हात न लावता परत. किंवा पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) लाल लाईट, अकरा वाजले की आपोआप हिरवी. किंवा ॲप म्हणतंय सगळं छान आणि बिल म्हणतंय भरा पैसे.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, सोलर विकत नाही. २०२१ ला पाथर्डी फाट्याच्या घरावर ३ किलोवॉट टाकलं आणि तेव्हापासून नात्यात, गल्लीत कुणाचेही युनिट कमी पडले की माझा रविवार गेला. त्यात २०२४ ला सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी, मग तर गच्च्या भरल्या आणि माझे रविवारही. मावशीचा फोन ठरलेला, "अरे तुझ्या सोलरने यावेळी बाराशे बिल आणलं बघ." सोलर तिचं, पण बिल आलं की ते माझं होतं.

एवढ्या घरांमध्ये पॅनलच खराब निघालं असं मी दोनदाच बघितलंय. बाकी सगळीकडे वीज बनत होती किंवा बनायला तयार होती, वाटेत कुठेतरी गळत होती. म्हणून फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर, याच क्रमाने जा. क्रम सोडून थेट "पॅनल बदलून द्या" म्हणून भांडायला गेलात तर समोरचा पण क्लिनिंगचे पैसे घेऊन मोकळा होतो.

बिलातला एक्स्पोर्ट म्हणजे जनरेशन नव्हे

निम्म्या तक्रारी इथेच संपतात आणि एक रुपया लागत नाही. नेट मीटर फक्त दोन गोष्टी मोजतो, लाईनवरून घरात आलेले युनिट आणि घरातून लाईनवर गेलेले. दिवसा सोलर चालू असताना तुम्ही फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर चालवली ते युनिट मीटरपर्यंत पोचतच नाहीत, घरातच खपतात. म्हणजे ॲपमध्ये महिन्याचे ३७० आणि बिलात एक्स्पोर्ट २२० असेल तर १५० कुणी चोरले नाहीत, तुम्हीच वापरले. मावशीच्या त्या बाराशेचं कारण हेच निघालं. उन्हाळ्यात मुलगा घरून काम करायला लागला, दिवसभर एसी, मग रात्रीसाठी शिल्लक काय राहणार.

तर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा आजचा आकडा रोज संध्याकाळी सात दिवस कॅलेंडरवर लिहा. ॲपवर विसंबू नका, वायफायचा डोंगल लटकला की ॲप शून्य दाखवतं आणि वर इन्व्हर्टर बिचारा काम करत असतो. राऊटर बदलला, पासवर्ड बदलला, की हे होणारच.

मग अपेक्षा तपासा

विकणारा सांगतो १ किलोवॉटला रोज ४ युनिट. ती वर्षाची सरासरी आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलला ३ किलोवॉटचे १४-१५ पण निघतात आणि जुलै-ऑगस्टला सलग झड लागली की ४-५ वर येतं, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. त्र्यंबक, इगतपुरीकडे त्याहून वाईट, सिन्नर-निफाडकडे जरा बरं.

दुसरं म्हणजे उष्णता. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर ५४० वॉट लिहिलंय ते पॅनलच्या आतला सेल २५ अंशाला असतानाचं. एप्रिलमध्ये बाहेर ३९-४० असताना गच्चीवर सेल ६५ पर्यंत जातो. साध्या मोनो पॅनलला दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे ४० अंशाला १४ टक्के सरळ गेले. लोकांना वाटतं ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. उजेड पाहिजे, ताप नको. म्हणूनच निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत दुपारी बाराचे वॉट बघा, एप्रिलच्या बरोबरीने दिसतील, फक्त दिवस लहान म्हणून एकूण युनिट कमी. यात तुमच्या हातात एवढंच की पॅनलखालून वारा खेळू द्या. खाली जुने पत्रे, कुंड्या, मोडकी सायकल, लग्नातली भांडी कोंबून ठेवली असतील तर काढा. पत्र्यालाच चिकटवून बसवलेली पॅनल स्ट्रक्चरवाल्यांपेक्षा जास्त तापतात, ते मात्र आता बदलणं परवडत नाही, सोडून द्या.

पॅनल म्हातारी झाली असंही लोक म्हणतात. पहिल्या वर्षी २-३ टक्के, पुढे वर्षाला अर्धा-पाऊण टक्का, एवढीच घट असते. चार वर्षांत ३० टक्के पडलं तर त्याला म्हातारपण म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात.

आता एक आकडा काढून ठेवा, पुढे सगळीकडे लागेल. आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या आगेमागे येतो. ढग नसलेल्या दिवशी बरोबर साडेबाराला इन्व्हर्टरवर किती वॉट आहेत ते लिहा. ६ पॅनल ५४० ची म्हणजे ३२४० वॉट, त्याचे मार्चमध्ये अडीच हजाराच्या पुढेमागे दिसले तर सिस्टीम ठणठणीत आहे, पुढचं वाचू नका, चहा घ्या. दोन हजाराच्या खाली असेल तर या पुढे.

धुळीपेक्षा तळाची पट्टी

पॅनल धुवा हे सगळेच सांगतात. कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. गच्चीवर जा आणि पॅनलच्या खालच्या कडेला, जिथे काच फ्रेमला भिडते तिथे, बोट फिरवा. फ्रेम काचेपेक्षा मिलिमीटरभर उंच असते, त्यामुळे दव, मेमधली वळवाची सर, तुमचंच धुतलेलं पाणी, सगळं तिथे साचतं, वाळतं आणि मातीची बोटभर रुंद पट्टी बसते. माझ्याकडे ती इतकी घट्ट होती की नखाने खरवडल्यावर खपली निघाली, खाली हिरवं शेवाळ. वरची ९५ टक्के काच चकाचक.

ही बोटभर पट्टी एवढी महाग का पडते, तर पॅनलमधले सेल माळेसारखे ओवलेले असतात. माळेतला एक सेल झाकला की अख्ख्या माळेचा करंट अडतो, मग बायपास डायोड तो भाग वगळून टाकतो. साधारण तीन भाग, तीन डायोड. पॅनल आडवं लावलं असेल तर तळाची पट्टी तिसरा हिस्सा खाते, उभं आणि हाफकट (अर्धे कापलेले सेलवालं) असेल तर खालचा अर्धा भाग मार खातो. आणि सगळ्या पॅनलना एकाच उंचीवर पट्टी असते, म्हणजे सहाच्या सहा पॅनल आजारी.

यंदा सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, पाथर्डी, आडगाव, मखमलाबाद कुठेही राहा, पंधरा दिवसांनी धुवावंच लागतं. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते हे एक, आणि दुसरी गंमत म्हणजे भर दुपारी पाणी मारलं की पॅनल गार होऊन वॉट लगेच उडी मारतात, माणूस खुश, बघा धुतल्याने दोनशे वॉट वाढले. अर्ध्या तासाने बघा, उडी उतरलेली असते. खरं मोजायचं तर आज साडेबाराचे वॉट लिहा, उद्या सकाळी धुवा, उद्या साडेबाराला परत लिहा.

पाणी नळाचं वापरा. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि चार-सहा महिन्यांत काचेवर क्षाराचा थर चढतो, तो साध्या पाण्याने जात नाही. पर्यायच नसेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा फिरवून वायपरने ओढून घ्या. मऊ मॉप, लांब दांडा, बास. घासणी नको, निरमा नको, संडास साफ करायचं ॲसिड तर स्वप्नातसुद्धा नको, हे मी एका ठिकाणी केलेलं बघितलंय आणि ती काच आता कायमची धुरकट आहे. आणि पॅनलवर पाय देऊ नका, काच तुमचं वजन पेलते हो, आतले सेल पेलत नाहीत, केसासारख्या चिरा जातात आणि त्या वर्षभराने दिसतात.

दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडच्या मंडळींना एक जास्तीचा ताप आहे. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर बागेत बोर्डोचे फवारे सुरू होतात, ब्लोअरचा तुषार वाऱ्याने घरावर येतो आणि काचेवर निळसर पांढरी साय बसते. मोरचूद आणि चुना, पाण्याने ढिम्म हलत नाही. बादलीभर पाण्यात कपभर व्हिनेगर, फडकं भिजवून फक्त काचेवर फिरवायचं, पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवायचं, फ्रेमवर साचू द्यायचं नाही. फवारणीच्या दिवशी संध्याकाळीच नुसतं पाणी मारलं तर हे काहीच करावं लागत नाही, पण त्या दिवसांत बागायतदाराला जेवायला वेळ नसतो, पॅनल कोण बघतो.

तळाच्या पट्टीवर स्वस्त इलाज म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेला लावायच्या प्लास्टिकच्या ड्रेन क्लिपा, पाणी त्यावरून ओघळून जातं. मी लावल्यात. पट्टी पूर्ण थांबली नाही पण आता दोन महिन्यांनी बोटाला काहीतरी लागतं, आधी पंधरा दिवसांत लागायचं.

सावली, आणि ती पण डिसेंबरची

इंदिरानगरच्या काकांचं हे प्रकरण. दरवर्षी नोव्हेंबर ते जानेवारी युनिट कमी. ते म्हणे थंडीमुळे. मी म्हटलं काका, दिवस लहान म्हणून थोडे जातील, पण थंडीने वॉट पडत नाहीत, उलट वाढतात. कंपनीवाला उन्हाळ्यात येऊन बघून गेलेला, "सावली कुठेच नाही" लिहून सही पण केलेली. आणि खरंच, उन्हाळ्यात नव्हतीच.

आपण २० अंश अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी सावली पायाखाली. २२ डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे फक्त ४६-४७ अंशावर असतो. पॅनलच्या दक्षिणेला २ मीटर वर आलेली टाकी असेल तर तिची सावली दुपारी जवळपास २ मीटर आणि सकाळी नऊला ५ मीटरपर्यंत पसरते. मेमध्ये हीच टाकी निर्दोष दिसते. काकांकडे टाकी पण नव्हती, टीव्हीची छत्री होती, बंद पडलेली, चार वर्षांपूर्वी केबल घेतलं तरी तशीच उभी. थाळीएवढी सावली, दहा वाजता तिसऱ्या पॅनलवर, साडेअकराला चौथ्यावर, सरकत सरकत. छत्री काढली, भंगारवाल्याने पैसे दिले वर.

म्हणून डिसेंबरच्या एका रविवारी ९, ११, १ आणि ३ ला गच्चीवर जाऊन मोबाईलवर फोटो काढा. कपडे वाळत घालायची दोरी, तुळशीवृंदावन, गच्चीच्या कठड्याची कड, शेजाऱ्याने नवीन चढवलेला मजला, वाढलेला शेवगा, सगळं धरा. हलणारी वस्तू हलवा. झाड असेल तर फांदी तोडायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, रात्रीतून कोयता घेऊन चढू नका. शेजाऱ्याचा मजला असेल तर एखादं पॅनल सरकवता येतं का विचारा, पण ते काम बसवणाऱ्याचं.

कबुतरं पण इथेच येतात. वर बसून घाण करतात ती पावसाने सुद्धा नीट जात नाही, तिचा एक टिपका म्हणजे एका सेलवर कायमची सावली, तो सेल तापत राहतो. खाली घरटी झाली की वारा बंद. चारही बाजूंनी जाळी मारून घ्या, पण आधी पिल्लं नाहीत ना ते बघा.

भर दुपारी बंद पडतं

हे ग्राफच्या करवतीवाल्यांसाठी. दोन कारणं, दोन्ही इन्व्हर्टरजवळ उभं राहून कळतात.

एक, इन्व्हर्टर तापतो. पश्चिमेच्या भिंतीवर, वर पत्रा, खाली फुटभर जागा नाही, किंवा जिन्याच्या बंद खोलीत. तापला की तो स्वतःला वाचवायला वॉट कमी करतो. दुपारी दीड-दोनला हळूहळू उतार दिसतो, एकदम शून्य होत नाही. मागच्या फिन्समधली जळमटं मऊ ब्रशने काढा, आजूबाजूला वीतभर तरी मोकळं ठेवा, वर सावलीचा छोटा पत्रा आडवा मारा. शंभर-दोनशेचं काम.

दुसरं, व्होल्टेज. हे एकदम शून्यावर जातं आणि काही मिनिटांनी परत येतं. सोलरला वीज लाईनवर ढकलायची म्हणजे त्याला लाईनपेक्षा थोडा वरचा व्होल्टेज द्यावा लागतो. लाईनच आधी २५५ असेल तर इन्व्हर्टर २६० च्या पुढे जातो, मर्यादा ओलांडतो आणि सुटतो. अंबडच्या बाजूला एक घर होतं, सुट्टीच्या दिवशीच युनिट कमी. सुट्टीला आजूबाजूची वर्कशॉप बंद, लाईनवर लोड नाही, गल्लीत सात घरांवर सोलर, सगळे ढकलतायत आणि घेणारं कुणी नाही. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर व्हीएसी की काहीतरी लिहिलेलं असतं, तो लाईनच्या बाजूचा व्होल्टेज, दुपारी त्याचे फोटो काढा, तारीख-वेळेसकट. मग रात्री सोलर बंद असतानाचा पण एक फोटो. रात्री २३५ आणि दुपारी २६० असेल तर तुमच्या घरातली वायर पण तपासायला हवी. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर असेल तर पूर्ण लोडला साडेपाच-सहा व्होल्ट त्या वायरमध्येच चढतात, सहा स्क्वेअरला अडीचच्या आत. वायर बदलणं लायसनवाल्या वायरमनकडून. लाईनचाच व्होल्टेज जास्त असेल तर महावितरणच्या १९१२ ला तक्रार, फोटो जोडून लेखी अर्ज, तक्रार नंबर घ्या. त्या घराला तीन फेऱ्या झाल्या, "सगळ्यांचं असंच आहे" ऐकून झालं, शेवटी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला आणि व्होल्टेज खाली आला. बसवणाऱ्याला इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून द्यायला सांगू नका, घरातला टीव्ही-फ्रीज पण तोच व्होल्टेज खातायत.

आणि हो, लाईट गेली की सोलर बंद पडतं तो बिघाड नाही. लाईनवर काम करणाऱ्याला करंट बसू नये म्हणून ते तसंच असतं.

शेवटचं जे तुम्ही बघू शकता

स्क्रीनवर डीसी व्होल्टेज दिसतो. सहा पॅनलचा दुपारी तापलेल्या अवस्थेत २२० च्या आसपास, तुमच्या मॉडेलप्रमाणे कमीजास्त. सगळं नवीन असताना लिहून ठेवला असेल तर सोनं. स्वच्छ काच, सावली नाही, आणि तरी आकडा आधीपेक्षा १२-१३ ने खाली बसलाय आणि तिथेच राहतो, तर एका पॅनलचा एक डायोड गेलाय असं समजा. ३५-४० ने खाली तर अख्खं पॅनल बाहेर. माझ्या दोन खराब पॅनलपैकी एक असंच सापडलं, गच्चीवर न चढता.

डीसीडीबी-एसीडीबी म्हणजे इन्व्हर्टरच्या अलीकडचा-पलीकडचा स्विचचा डबा, त्यांच्या पारदर्शक झाकणातून एसपीडीची (सर्जपासून वाचवणारा भाग) छोटी खिडकी बघा. हिरवी ठीक, लाल म्हणजे आभाळातल्या विजेचा किंवा लाईनवरच्या सर्जचा मार खाऊन तो गेला. झाकण उघडायचं नाही, नुसतं बघायचं.

इथे थांबा

इथून पुढे तुम्ही नाही, आणि घरात मल्टीमीटर असला तरी नाही. मी इलेक्ट्रिकलचा माणूस असून रबरी हातमोजे आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय पुढे जात नाही. पॅनलवर ऊन आहे तोवर डीसी वायर जिवंत आहे, एमसीबी पाडला तरी पॅनलपासून तिथपर्यंत ३०० व्होल्ट उभे असतात. चालू लोडवर एमसी फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा) ओढला तर जो आर्क, म्हणजे ठिणगीची ज्योत, पडतो तो एसी करंटसारखा विझत नाही, ओढाल तसा लांबत जातो.

पावसाळ्यातली सकाळची लाल लाईट, स्क्रीनवर आयसो किंवा इन्सुलेशनचा एरर, म्हणजे कुठेतरी वायरचं कव्हर सोललंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय आणि करंट स्ट्रक्चरमार्गे जमिनीत जायला बघतोय. ऊन आलं, वाळलं, एरर गेला, म्हणून लोक अख्खा पावसाळा तसाच काढतात. बहुतेक वेळा खारीने कुरतडलेली वायर किंवा पत्र्याच्या धारेवर घासलेली. एरर असताना पॅनल धुवायला जाऊ नका, ओल्या स्ट्रक्चरला हात लावू नका. फोन करा. तसंच स्ट्रक्चरला हात लावल्यावर मुंग्या आल्या, कनेक्टर काळा पडलाय, जळल्याचा वास, तडकलेली काच, लाल एसपीडी, मीटरचं सील तुटलेलं, तर त्याच दिवशी फोन.

माणूस आला की त्याला तीन आकडे कागदावर लिहून मागा, पॅनल जोडणीचा ओपन सर्किट (लोड नसतानाचा) व्होल्टेज, मेगरने काढलेला इन्सुलेशनचा आकडा आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स. तीन अर्थिंग असतात, डीसी, एसी आणि वीजरोधकाची, तिन्हीचे वेगळे. उन्हाळ्यात अर्थ पिटमध्ये पाणी घालता का हे तो विचारेल, आणि तुम्ही घालत नसाल, कुणीच घालत नाही. तिन्ही आकडे न लिहिता तो बिलावर नुसतं "सर्व्हिस" टाकून निघत असेल, तर त्याला चहा द्या, पैसे देऊ नका.